टी-२०६ तंबाखू कार्डे : किती छापली, किती उरली आणि दुर्मीळ नेमके कशाला म्हणावे?

दूरदेशी

अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल कार्डांचा अभ्यास करणारे मराठी लोक थोडे असले, तरी आहेत, आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न सविस्तर मांडावा म्हणून हा धागा सुरू करत आहे. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या व तंबाखूच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची लहान रंगीत कार्डे घातली. पांढऱ्या काठाच्या या संचाला जेफर्सन बर्डिक यांच्या सूचीमुळे टी-२०६ हे नाव मिळाले. संग्राहक साधारणपणे ५२४ चित्रे धरतात. त्यांपैकी ३९० मोठ्या लीगमधल्या खेळाडूंची आणि १३४ लहान लीगमधल्या खेळाडूंची आहेत, आणि या १३४ मध्ये ४८ चित्रे दक्षिणेकडच्या लीगची आहेत. समोर खेळाडू आणि मागे सिगारेटची किंवा तंबाखूची जाहिरात अशी रचना आहे. मागच्या बाजूला पीडमॉन्ट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल, सॉव्हरिन, पोलर बेअर, हिंदू, लेनॉक्स, ड्रम, उझिट असे एकूण १६ ब्रँड आढळतात. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची होती.

माझा प्रश्न असा आहे. अमुक चित्राच्या इतक्या प्रती छापल्या, असे सांगणारी हिशेबवही आपल्यापैकी कुणाच्या हाती नाही. तरीही विक्रीच्या वर्णनांत ‘अत्यंत दुर्मीळ’, ‘मर्यादित छपाई’ हे शब्द सर्रास वापरले जातात. नुकतेच एका विक्रेत्याने मला कार्डाच्या मागे छापलेला ‘३५० सब्जेक्ट्स’ हा मजकूर दाखवून त्याच्या साडेतीनशेच प्रती निघाल्याचे सांगितले. मूळ छपाईचा अंदाज बांधण्याची प्रामाणिक पद्धत कोणती, आणि त्या अंदाजावर कितपत विसंबावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

मोजपट्टी

सर्वप्रथम त्या विक्रेत्याच्या विधानाबद्दल बोलू, कारण त्याने अनेकांचे पैसे बुडू शकतात. मागचे १५०, ३५० किंवा ३५०-४६० हे आकडे प्रतींची संख्या सांगत नाहीत. संचात किती वेगवेगळी चित्रे मिळतील, याची ती ग्राहकाला केलेली जाहिरात आहे. संग्राहकांना त्या आकड्यांचा उपयोग वेगळ्या कारणाने होतो. कार्ड छपाईच्या कोणत्या टप्प्यात निघाले हे त्यांवरून कळते, आणि टप्पा कळला की ते चित्र किती काळ छापखान्यात राहिले याचा अंदाज येतो. तिन्ही टप्प्यांत राहिलेले चित्र एकाच टप्प्यात येऊन गेलेल्या चित्रापेक्षा जास्त सापडावे, ही अपेक्षा रास्त आहे, आणि बहुतांशी ती खरीही ठरते.

आता मूळ प्रश्न. इथे तीन वेगळ्या संख्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की सगळा घोटाळा होतो. पहिली संख्या छापलेल्या प्रतींची, दुसरी आज कुठे ना कुठे शिल्लक असलेल्या प्रतींची आणि तिसरी आपल्याला लिलावांत व सूचींत दिसणाऱ्या प्रतींची. आपण फक्त तिसरी संख्या मोजू शकतो. तिच्यावरून दुसरीचा अंदाज काही अटींवर बांधता येतो. पहिलीबद्दल मात्र केवळ परस्पर प्रमाण सांगता येते. म्हणजे अमुक पाठीची (मागच्या जाहिरातीची) कार्डे तमुक पाठीच्या कार्डांच्या साधारण किती पट होती एवढेच सांगता येते, आणि तेही दोन्हींची टिकण्याची शक्यता सारखी होती असे गृहीत धरूनच.

एकूण छपाईला वरची मर्यादा घालायची असेल तर एक ढोबळ वाट आहे. १९१० मध्ये अमेरिकेत वर्षाला ८०० कोटींहून अधिक सिगारेटी तयार होत होत्या. दहाचे पाकीट धरले तर ती सुमारे ८० कोटी पाकिटे होतात. सगळी पाकिटे या कंपनीची नव्हती, आणि कंपनीच्याही सगळ्या पाकिटांत बेसबॉलची कार्डे नव्हती. पक्षी, प्राणी, ध्वज, सैनिक, नट्या असे कितीतरी संच त्याच काळात पाकिटांतून दिले जात होते. त्यामुळे हा आकडा केवळ कमाल मर्यादा म्हणून वापरावा. तरीही त्यावरून हा विषय शेकड्यांचा किंवा हजारांचा नाही हे स्पष्ट होते. सामान्य टी-२०६ कार्ड प्रचंड संख्येने छापले गेले, आणि आज त्यातला अगदी लहान अंश उरला आहे.

शिळाछाप

मोजपट्टी यांच्या मांडणीला छपाईच्या बाजूने पुष्टी देतो. ही कार्डे रंगीत शिळामुद्रणाची आहेत. मुंबईत १८९४ मध्ये सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची चित्रे ज्यांनी भिंगाखाली पाहिली असतील, त्यांना ही पद्धत परिचित असेल. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा लागतो, आणि तोच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जातो. लहान कार्डांच्या बाबतीत एक बाब निर्णायक ठरते. मूळ रेखाटनाचे ठसे विशेष कागदावर घेऊन ते मोठ्या दगडावर हवे तितक्या वेळा उतरवता येतात. म्हणून एका मोठ्या तावावर एखादे चित्र दोनदा बसवले आणि दुसरे सहादा, तर पहिल्या कागदापासूनच त्यांच्या छपाईत एकास तीनचे प्रमाण पडते.

तावाची मांडणी कशी होती, याचे पुरावे कार्डांवरच उरले आहेत. चुकीच्या जागी कापलेल्या काही कार्डांवर खाली खेळाडूचे नाव असते आणि वरच्या कडेला शेजारच्या कार्डाचे नावही आलेले असते. वरचे आणि खालचे नाव एकच असेल, तर उभ्या ओळीत तेच चित्र पुन्हा बसवले होते हे सिद्ध होते. नावे वेगळी असतील, तर दोन चित्रांचे शेजारपण कळते. दुसरा पुरावा मागच्या बाजूच्या ओरखड्यांचा आहे. पीडमॉन्ट १५० च्या काही पत्र्यांवर ओरखडे पडले होते, आणि एकच ओरखडा शेजारशेजारच्या अनेक कार्डांवर तुकड्यांनी छापला गेला. अभ्यासकांनी असे तुकडे जुळवून तावाचे काही भाग पुन्हा उभे केले आहेत. या छंदातले हे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत विश्वासार्ह काम आहे असे माझे मत आहे, कारण त्यात बाजारभावाचा कसलाही प्रभाव शिरत नाही.

न कापलेला संपूर्ण ताव मिळाला असता तर यातले पुष्कळ प्रश्न सुटले असते. उपलब्ध आहे ती पाच खेळाडूंची एक पट्टी. तिच्यावर होनस वॅग्नर आणि साय यंग यांच्यासह मॉर्डेकाय ब्राउन, बोअरमन आणि क्लिंग आहेत. परंतु ती चाचणीची प्रत असल्याने नेहमीच्या छपाईचा ताव तसाच होता असे तिच्यावरून म्हणता येत नाही.

निळी शाई

मग एडी प्लँक या खेळाडूचे काय? त्याचे कार्ड दुर्मीळ असण्याचे कारण म्हणून त्याचा पत्रा फुटला, असे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लिहिलेले आढळते.

शिळाछाप

मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण वर लिहिलेल्या मांडणीतच आहे. एका दगडावर अनेक चित्रे असत. दगड निकामी झाला तर शेजारच्या सर्वांनाच त्याचा फटका बसायला हवा होता. शिवाय प्लँकची कार्डे १५० आणि ३५० अशा दोन्ही टप्प्यांत आढळतात. एकाच खेळाडूचे चित्र दोन वेगळ्या टप्प्यांत दोनदा फुटावे आणि शेजारच्या कुणालाही झळ लागू नये, हे फार अवघड आहे. चित्र हेतुपुरस्सर काढून घेतले गेले असावे हा तर्क त्यापेक्षा सयुक्तिक वाटतो, पण त्याला कागदोपत्री आधार हवा.

वॅग्नरच्या बाबतीत तसा आधार आहे. आपले चित्र वापरण्यास त्याने नकार दिला, आणि संमती मिळवून देण्यासाठी एका पिट्सबर्गच्या क्रीडापत्रकाराला दहा डॉलर देऊ केले होते, अशी हकिगत १९१२ मध्ये ‘स्पोर्टिंग न्यूज’मध्ये छापून आली होती. नकाराचे कारण तंबाखूविषयीचा आक्षेप होता की मोबदला, यावर वाद आहे. परिणामाविषयी मात्र वाद नाही. आज त्याची साधारण ५० ते ६० कार्डे ज्ञात आहेत आणि ती सर्व पहिल्याच टप्प्यातली आहेत.

मोजपट्टी

शिळाछाप यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून आठवले की दुर्मीळतेची कारणे जिथे निश्चित ठाऊक आहेत, तीच उदाहरणे आपल्याला मापदंड म्हणून वापरता येतात. शेरी मॅगीचे आडनाव सुरुवातीला चुकीच्या अक्षरांनी छापले गेले आणि लवकरच दुरुस्त झाले. ते चुकीचे कार्ड फक्त पीडमॉन्ट १५० या पाठीसह मिळते. जो डॉयलच्या कार्डावर काही काळ न्यूयॉर्कच्या नॅशनल लीग संघाचा उल्लेख छापला गेला, कारण त्या संघात लॅरी डॉयल हा दुसराच खेळाडू होता. त्या चुकीची सुमारे दहाच कार्डे ज्ञात आहेत. डेमिट आणि ओहारा हे दोघे न्यूयॉर्कहून सेंट लुईसच्या दोन वेगवेगळ्या संघांत गेले, आणि त्यांची सेंट लुईस नोंद असलेली कार्डे केवळ पोलर बेअरच्या मागील बाजूसह आढळतात. या तिन्ही उदाहरणांत चित्र किती काळ आणि कोणत्या ब्रँडसाठी छापले गेले याची चौकट आखीव आहे. त्यामुळे छपाईचा अल्प कालावधी आजच्या संख्येत किती उतरतो, हे इथे पडताळून पाहता येते.

अंकगणिती

मी संख्याशास्त्राचा शिक्षक आहे आणि कार्डांविषयी मला जे ठाऊक आहे ते या धाग्यावरचेच आहे, परंतु दुसऱ्या संख्येचा, म्हणजे शिल्लक प्रतींचा, अंदाज बांधण्याची एक प्रस्थापित रीत सांगू शकतो. तळ्यातले मासे मोजण्यासाठी काही मासे पकडून, खूण करून सोडतात आणि काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकून त्यात खुणेचे किती आले ते पाहतात. दुर्मीळ कार्डांच्या बाबतीत खूण करण्याची गरजही नाही, कारण डाग, घडी, कोपऱ्याची झीज आणि छपाईचे सरकणे यांमुळे प्रत्येक प्रत छायाचित्रावरून ओळखता येते.

समजा, एका दशकात लिलावांमध्ये एखाद्या कार्डाच्या ३० वेगवेगळ्या प्रती दिसल्या. पुढच्या दशकात २४ दिसल्या आणि त्यांतल्या १८ आधीच्याच होत्या. मग ३० गुणिले २४ भागिले १८, म्हणजे एकूण ४० प्रती हा अंदाज निघतो. आकडे उदाहरणापुरते आहेत. पद्धतीची अट अशी की प्रत्येक प्रत बाजारात येण्याची शक्यता सारखी असली पाहिजे, आणि इथे ती तशी नाही. काही प्रती दर दोन-तीन वर्षांनी हात बदलत असतील आणि काही पिढ्यान्‌पिढ्या एका पेटीत पडून असतील. म्हणून ही रीत जवळजवळ नेहमीच कमी अंदाज देते. निघालेल्या आकड्याला ‘किमान इतक्या’ असे म्हणणेच योग्य.

आणखी एक नियम उपयोगी पडेल. एखादी जोडी, म्हणजे अमुक चित्र आणि तमुक पाठ, तुमच्या नमुन्यात एकदाही दिसली नाही, तर ती अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष काढू नये. त्या चित्राची ३०० कार्डे यादृच्छिक रीतीने तपासली आणि जोडी शून्य वेळा दिसली, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की तिचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. भागाकार तीन भागिले तीनशे इतका सोपा आहे. छपाईत खरोखर न घेतलेल्या जोड्या आणि अजून न दिसलेल्या जोड्या यांत फरक करण्यासाठी वर सांगितलेले तावाच्या मांडणीचे पुरावेच लागतील.

जुनापुराणा

अंकगणिती साहेबांच्या पेटीत पडून असलेल्या प्रतींच्या मुद्द्याला दोन खरी उदाहरणे देतो. टाय कॉबच्या लाल पार्श्वभूमीच्या चित्रामागे त्याच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात असलेले कार्ड फार थोड्या संख्येने ज्ञात होते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कुटुंबाला पूर्वजांच्या सामानातल्या कागदी पिशवीत त्याच्या सात प्रती एकत्र मिळाल्या. ज्ञात संख्या एका दिवसात जवळपास दीडपट झाली. त्याआधी २०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावी घराच्या माळ्यावर १९१० च्या मिठाईसोबत दिलेल्या ई-९८ संचाची सुमारे ७०० कार्डे सापडली, आणि तीही अशा अवस्थेत की त्या संचाच्या इतक्या चांगल्या प्रती कुणी पाहिल्या नव्हत्या.

दोन्ही वेळी माल एकाच ठिकाणी गठ्ठ्याने मिळाला. अशा गठ्ठ्यांचा अंदाज कोणत्याही सूत्राने आधी बांधता येत नाही, आणि ज्या कार्डांची ज्ञात संख्या लहान आहे, त्यांच्या बाबतीत असा एक शोधही सगळे गणित पालटून टाकतो. सामान्य पीडमॉन्ट कार्डाचा असाच गठ्ठा मिळाला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसऱ्या टोकाला संस्थांतल्या प्रती आहेत. बर्डिक यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि त्यात ३०,००० हून अधिक बेसबॉल कार्डे आहेत. वॅग्नरची एक प्रत तिथे आहे आणि एक न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे. या प्रती शिल्लक आहेत, पण बाजारात त्या कधीच दिसणार नाहीत.

निळी शाई

कार्ड तपासून त्याला अवस्थेनुसार श्रेणी देणाऱ्या आणि चिठ्ठीसह आवरणात बंद करणाऱ्या परीक्षण कंपन्यांच्या प्रसिद्ध आकडेवारीविषयी कुणीच बोलले नाही. पीएसए आणि एसजीसी यांनी प्रत्येक चित्राची किती कार्डे तपासली, हे त्या जाहीर करतात. तेच सर्वांत मोठे मोजमाप नाही का?

मोजपट्टी

सर्वांत मोठे आहे, आणि म्हणूनच ते सर्वाधिक जपून वापरले पाहिजे. पहिला दोष असा की तपासणीला शुल्क लागते, म्हणून कॉब, यंग, मॅथ्यूसन यांच्यासारखी महाग कार्डे मोठ्या प्रमाणात पाठवली जातात आणि लहान लीगमधल्या अपरिचित खेळाडूंची झिजलेली कार्डे घरीच राहतात. त्यामुळे अहवालात कॉब भरपूर दिसतो आणि एखादा सामान्य खेळाडू कमी दिसतो, प्रत्यक्षात ते उलटही असू शकते. दुसरा दोष पुनर्मोजणीचा आहे. वरची श्रेणी मिळेल या आशेने लोक कार्ड आवरणातून काढून पुन्हा पाठवतात, आणि जुनी चिठ्ठी परत केली नाही तर एकच प्रत दोनदा मोजली जाते. महाग कार्डांत हे अधिक घडते. तिसरा दोष असा की सुरुवातीच्या काळात बऱ्याच चिठ्ठ्यांवर मागच्या ब्रँडची नोंदच नव्हती, म्हणून पाठींचे प्रमाण काढायला ती जुनी आकडेवारी निरुपयोगी आहे.

तरीही एक उपयोग आहे. दोन अशी सामान्य चित्रे निवडावीत ज्यांच्या खेळाडूंना सारखीच मागणी आहे आणि किंमतही सारखी आहे. त्यांच्या बाबतीत वरचे दोष दोन्हीकडे सारखेच पडतील आणि परस्पर प्रमाण बऱ्यापैकी टिकेल. मागणीचा आणि दुर्मीळतेचा संबंध तोडायचा असेल तर अशाच जोड्यांवर काम केले पाहिजे. कॉबचे हिरव्या पार्श्वभूमीचे कार्ड त्याच्या लाल कार्डाहून कमी मिळते हे सर्वमान्य आहे, पण दोन्ही महाग असण्याचे मुख्य कारण कॉब हाच आहे.

रानवारा

नमुना कुठून घ्यावा, याबद्दल थोडे लिहिते, कारण सूत्रांपेक्षा तिथेच जास्त चुका होतात. लिलावाच्या वर्णनांत ड्रम, उझिट, लेनॉक्स, ब्रॉड लीफ ४६० अशा कठीण पाठी आवर्जून नमूद केल्या जातात आणि पीडमॉन्टचा कुणी उल्लेखही करत नाही. म्हणून मजकुरावरून शोध घेतला तर दुर्मीळ पाठींचे प्रमाण फुगलेले दिसते. मागच्या बाजूचे छायाचित्र पाहूनच नोंद करावी. शक्यतो असा मूळ संग्रह शोधावा जो कुणी पाठीनुसार निवडून तयार केलेला नाही, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एखाद्या मुलाने पाकिटांतून जमवलेला आणि तसाच राहिलेला. त्यातही प्रांताचा कल असतो. दक्षिणेकडच्या खेळाडूंची कार्डे पीडमॉन्ट, ओल्ड मिल आणि तपकिरी शाईत छापलेली हिंदू याच पाठींसह येतात, आणि कॅरोलायनातल्या घरातला संग्रह न्यूयॉर्कमधल्या घराहून वेगळा असणारच. एका प्रांताचे प्रमाण सगळ्या संचाला लावू नये.

टिकण्याची शक्यता सर्व ब्रँडसाठी सारखी धरणे हेही धोक्याचे आहे. पोलर बेअर हा सुट्या, चुरा तंबाखूचा ब्रँड होता. कार्ड थेट तंबाखूला लागून राही, म्हणून त्या कार्डांवर डाग जास्त दिसतात. अमेरिकन ब्यूटीची कार्डे इतरांपेक्षा अरुंद असतात, आणि हे ठाऊक नसलेले लोक त्यांना कडा कापलेली समजून बाजूला टाकतात. मोजणीतून ती अशीही गळतात. अवस्थेची दुर्मीळता हा तर वेगळाच विषय आहे. १९११ च्या टी-२०५ संचाचा सोनेरी काठ लगेच झिजतो, त्यामुळे त्या संचाची नितळ प्रत कठीण आहे, पण साधी प्रत मुळीच कठीण नाही. विक्रेते या दोन्ही गोष्टी एकाच विशेषणाने सांगतात.

दूरदेशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक व्यावहारिक शंका राहिली आहे. मला एका सामान्य खेळाडूचे स्वीट कॅपोरल पाठीचे कार्ड देऊ केले आहे आणि कारखाना क्रमांकामुळे ते दुर्मीळ आहे असा दावा आहे. कारखान्याच्या क्रमांकाला खरोखर इतके महत्त्व आहे का?

मोजपट्टी

आहे, पण क्रमांक पाहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. कर-नियमांमुळे प्रत्येक कार्डावर कारखाना आणि जिल्हा छापलेला असतो. स्वीट कॅपोरलच्या बाबतीत न्यूयॉर्कचा ३० आणि व्हर्जिनियाचा २५ हे क्रमांक विपुल आहेत, आणि तुमचे कार्ड त्यांपैकी असेल तर जादा किंमत देऊ नका. उत्तर कॅरोलायनाचा ४२ आणि न्यूयॉर्कचा ६४९ हे बरेच कमी मिळतात. पीडमॉन्टमध्येही २५ क्रमांक सर्वत्र आहे आणि ३५०-४६० टप्प्यातला ४२ कठीण आहे. म्हणजे ‘स्वीट कॅपोरल विपुल’ हे वाक्यही अपुरे आहे. ब्रँड, टप्पा आणि कारखाना ही तिन्ही अंगे एकत्र लिहिली तरच नोंद उपयोगाची ठरते.

विक्रेत्याकडून मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र मागवा आणि तळाची ओळ वाचा. क्रमांक ६४९ असेल तर तो मूळ छपाईचा भाग आहे की नंतर वरून उमटवलेला आहे, हेही भिंगाखाली पाहावे लागेल. छायाचित्र मिळाले की इथे टाका, शिळाछाप आणि मी दोघेही पाहू.